फाटकावरची घोंगडी

घंटीची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शहाणा म्हणायला नको.

त्या वर्षी मी गुलबर्ग्यात स्टेशन रस्त्यावरच्या एका जिनिंग कारखान्यात हजेरीबाबू होतो. निजामाच्या राज्यातले दिवस, फसली सन तेराशे पंचेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीस-छत्तीस. माझं नाव किशनराव, गाव कमलनगरकडचं, शिक्षण मिडलपर्यंत. एवढ्या भांडवलावर माणसाला जितका तोरा चढतो तितका मला चढलेला होता. फाटकाशेजारच्या खोलीत टेबल टाकून मी बसायचो आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला तिचा पितळी बिल्ला द्यायचो. बिल्ला मिळाला की त्या दिवशीचं काम पक्कं.

कारखान्याला फाटक एकच. सकाळी सातच्या सुमाराला त्या एका फाटकावर सगळं जग गोळा व्हायचं. बाहेर आळंद, मादन हिप्परगा अशा गावांहून आलेल्या कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असायच्या. एकेका गाडीवर कापूस इतका चेपलेला की पलीकडचा माणूस दिसू नये. रस्त्यापलीकडं कामगारांची वस्ती. तिथून दीडशे बायका या गाड्यांच्या फटींतून वाट काढत यायच्या. आणि नेमकी त्याच वेळी रुईच्या गाठी लादलेली लॉरी आतून बाहेर निघायची, कारण तिला स्टेशनात साडेसातची मालगाडी गाठायची असायची. फाटकाच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीची दगडी भिंत होती. लॉरीचं नाक रस्त्यावर आल्याशिवाय ड्रायव्हरला बायका दिसत नसत आणि बायकांना लॉरी दिसत नसे. ज्यानं कुणी हे बांधलं त्याच्या अकलेला माझा साष्टांग नमस्कार.

सातला टोल पडायचा. फाटकावर रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. पहारेकरी गुंडाप्पा तो हातोडीनं बडवायचा आणि लगेच फाटक लावून घ्यायचा. बाहेर राहिली तिचा दिवस बुडाला. म्हणून पहिला ठोका कानावर आला की बायका पदर खोचून पळत सुटायच्या. लॉरीचा ड्रायव्हर ईरण्णा शिव्या देत, ब्रेक मारत, इंचाइंचानं लॉरी काढायचा. रोज कुणाची तरी टोपली चेंगरायची, रोज कुणी तरी थोडक्यात वाचायची.

मी मॅनेजर श्रीपतरावांना म्हटलं, "साहेब, लॉरी निघायच्या आधी एक घंटी वाजवू. बायका आपोआप बाजूला होतील." श्रीपतराव खूश झाले. माणूस वाईट नव्हता, पण मालगाडी सोडून त्याला दुसरं काही दिसत नसे. पितळेची चांगली दणदणीत घंटी आली. मी स्वतः तिला दोरी बांधली आणि चार लोकांना बोलावून वाजवून दाखवली.

पंधरा दिवसांत अनसाबाईच्या पायावरून लॉरीचं चाक गेलं.

अनसाबाई धनगराची सून. बाविशीची असेल. तिची थोरली जाऊ बाणूबाई आमच्याकडं चार हंगाम काम करत होती, तिनंच तिला आणलेलं. सरकारी दवाखान्यात अनसाबाईच्या उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. श्रीपतरावांनी मला बोलावून विचारलं, "घंटी दिली होती ना?"

"दिली होती."

"मग आपण काय करणार? ती स्वतःच पळत आली."

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

पुढचे दोन दिवस बाणूबाई कामावर आली नाही. पण सकाळी बघावं तर बाई रस्त्यापलीकडं, फाटकापासून थोड्या अंतरावरच्या लिंबाखाली उकिडवी बसलेली. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी. गाड्या, लॉरी, बायका, सगळं टक लावून बघत होती. मला वाटलं, दुःखानं बसली असेल. तिसऱ्या दिवशी ती सरळ माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली.

"बाबू, ही घंटी कुणी आणली?"

"मी."

"कामून?"

"बायका थांबाव्यात म्हणून."

ती हसली नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आमच्यात घंटी बोकडाच्या गळ्यात बांधत्यात," ती म्हणाली. "बोकड म्होरं चालतो अन् मेंढरं घंटीच्या मागं पळत्यात. घंटी ऐकून थांबलेलं मेंढरू म्या अजून पाह्यलं न्हाई. तुमी टोल देऊन देऊन बायांला पळायला शिकविलं. आता त्याच फाटकात घंटी देऊन थांबा म्हणायलाव. वाजलं की पळायचं, एवढंच त्यांला ठावं हाय. माझी अनसा लॉरीखाली गेली न्हाई बाबू. तुमी तिला बोलवून घेतलं."

मी चिडलो. मिडल शिकलेल्या माणसाला मेंढरं हाकणारी बाई शहाणपण शिकवते म्हणजे काय! "टोल वेगळा, घंटी वेगळी," मी म्हणालो. "आवाज वेगळे आहेत. एवढं कळत नाही का?"

"वाजवून बघा की," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच मी घंटीची दोरी ओढली. लॉरी सुरूसुद्धा झाली नव्हती, ईरण्णा चहा पीत बसला होता. पलीकडं वस्तीच्या तोंडाशी दहा-बारा बायका सावकाश येत होत्या. घंटी वाजताच त्यांनी डोक्यावरची ओझी सावरली आणि गाड्यांच्या फटींतून सरळ फाटकाकडं धूम ठोकली. चन्नव्वा नावाची थोराड बाई ठेच लागून गुडघ्यावर पडली, उठली आणि पुन्हा पळाली. धापा टाकत माझ्यापुढं येऊन म्हणाली, "लागलं का फाटक, अण्णा?"

एकही थांबली नाही. एकीनंही मान वळवून लॉरी बघितली नाही. मी दोरी सोडून दिली. आपण एका पोरीच्या पायाची बोटं घालवली आणि वर मान डोलावली, हे त्या क्षणी मला पुरतं कळलं.

मी तडक श्रीपतरावांकडं गेलो. "साहेब, घंटी चुकीची आहे. काढून टाकू."

"आता तूच म्हणतोस?" ते भडकले. "मी मालक शेठना हैदराबादेला पत्र लिहून कळवलंय की फाटकावर सुरक्षेची सोय केली. रोज नवं खूळ नको. जा."

मी परत आलो. खोटं कशाला बोलू, मी हात जोडून गप्प बसणारच होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाणूबाई बसून राहिली नाही.

टोलाला दहा मिनिटं होती. ईरण्णानं लॉरी सुरू केली, गुंडाप्पानं फाटक उघडलं, मी नाइलाजानं दोरीला हात घातला. तेवढ्यात ती फाटकाच्या ऐन तोंडात येऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरले आणि काळी घोंगडी लॉरीपुढं आडवी धरली. ईरण्णानं ब्रेक मारला. रबरी भोंगा दाबून दाबून त्यानं कारखाना डोक्यावर घेतला.

"अक्का, बाजूला व्हा! मालगाडी जायलीय!"

"जाऊ दे. बायांला येऊ दे."

तिच्या मागून बायका आत आल्या. सगळ्या आत येईपर्यंत तिनं हात खाली केले नाहीत. श्रीपतराव धोतराचा सोगा धरून धावत आले. चेहरा लालबुंद.

"बिल्ला काढून घे हिचा! किशनराव, ऐकू आलं का?"

मला ऐकू आलं होतं. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. "साहेब, चूक माझी आहे. घंटीनं बायका थांबत नाहीत, पळतात. मी काल वाजवून बघितलंय. बाणूबाईचा बिल्ला काढायचा तर आधी माझी खुर्ची काढा."

 श्रीपतराव बाणूबाईकडं वळून म्हणाले, "काय पाहिजे तुला?"

"आठ दिस द्या साहेब. धनगर रस्ता कसा वलांडतो ते दावते. मेंढरं एकेक सोडत न्हाईत. आधी कडंला समदी गोळा करायची. एकानं म्होरं घोंगडी धरून गाडी अडवायची, एकानं मागं ऱ्हायचं. मग समदा कळप एका दमात पल्याड. मधी तुटू द्यायचा न्हाई. एकदा पल्याड गेला की मग लॉरी मोकळी."

"आणि माझी मालगाडी?"

"चुकली तर बिल्ला घ्या. पुन्हा ह्या फाटकात पाय ठिवायची न्हाई."

"एकदा जरी चुकली तरी," श्रीपतराव म्हणाले. "तू जाशील, तुझी घोंगडी जाईल. लॉरी पुन्हा घंटीवर निघेल."

असा करार झाला. माझी खुर्ची त्यात कुणी धरली नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं.

पहिला दिवस म्हणजे निव्वळ तमाशा. बायकांना लिंबाखाली पावणेसातला जमायला सांगितलं, तर निम्म्या सवयीनं फाटकाकडं पळाल्या. चन्नव्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी काय मेंढरं हाव व्हय, कळपानं जायला?"

"मेंढरं बरी," बाणूबाई म्हणाली. "ती माझं ऐकत्यात."

सगळ्या हसल्या, आणि हसल्या म्हणून थांबल्या. तरी त्या दिवशी रस्ता ओलांडायला पाव तास गेला. गाडीवाल्यांनी आरडाओरडा केला, बैल बिचकले. मालगाडीचं इंजिन शिटी देत असताना ईरण्णा कसाबसा स्टेशनात शिरला आणि माल चढला. परत आल्यावर लॉरीतून उतरायच्या आधीच त्यानं मला सांगितलं, "बाबू, उद्या तुमच्या अक्काचा बिल्ला गेलाच म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी बाणूबाईनं मला कामाला लावलं. गाड्यांच्या रांगेत लिंबासमोर दोन गाड्यांइतकी जागा मोकळी सोडायला लावायची, हे माझं काम. मी हजेरीबाबू, टोपी घालून रस्त्यावर उभा राहून गाडीवानांशी भांडतोय! एक गाडीवान म्हणाला, "रस्ता तुमच्या बापाचा हाय का?" मी म्हणालो, "नाही, बायकांचा आहे." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढं मी ते प्रत्येकाला ऐकवलं. चन्नव्वाला बाणूबाईनं शेवटाला ठेवलं. तिच्या मागं कुणी राहायचं नाही, आणि ती आत गेल्याशिवाय घोंगडी खाली यायची नाही. गुंडाप्पानंही टोल चन्नव्वा आत आल्यावरच द्यायचा, असं माझ्या तोंडी हुकमावर ठरलं. हा हुकूम द्यायचा अधिकार मला नव्हता.

चौथ्या दिवशी दीडशे बायका तीन मिनिटांत पार झाल्या. मी घड्याळ लावून बघितलं आणि विश्वास बसेना म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा बघितलं. पूर्वी ईरण्णाला त्या पळापळीतून वाट काढायला वीस मिनिटं लागायची. आता चन्नव्वा आत आली की रस्ता मोकळा, आणि लॉरी धडधडत सरळ बाहेर. सहाव्या दिवशी तो स्टेशनात इतका लवकर पोहोचला की तिथल्या हमालांनी त्याला विचारलं, आज गाडीची वेळ बदलली का. आल्यावर मला हळूच म्हणाला, "बाबू, म्या रोज जीव मुठीत धरून लॉरी काढत होतो. त्या पोरीचा पाय माझ्या सपनात येतो. अक्काला सांगा, ईरण्णा थांबंल म्हणून."

आठवा दिवस उजाडला आणि सगळं एकदम अंगावर आलं. हंगामाचा जोर होता. मादन हिप्परग्याकडून एकाच वेळी साठ-सत्तर गाड्या आल्या, रांग पार वळणापर्यंत गेली. त्या दिवशीचा माल संस्थानाबाहेर जायचा होता. त्यासाठी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, परवाना लागे. तो आणायला श्रीपतराव स्वतः कारखान्याच्या मोटारीतून गेले होते. परवाना हातात आल्याशिवाय लॉरी हलणार नव्हती. त्यांना तिथं उशीर झाला.

आणि त्याच सकाळी अनसाबाई जेमतेम पंधरवड्यानंतर पहिल्यांदा कामावर आली. काठी टेकत, एकेक पाऊल मोजत. बाणूबाईनं तिला नको म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुमी माझ्या पायासाठी घोंगडी धरली. आज शेवटचा दिस, अन् मी घरी बसू व्हय?"

गाड्यांच्या गर्दीत वाट मोकळी करता करता सात वाजून गेले. बायका लिंबाखाली गोळा. बाणूबाईनं रस्त्यात जाऊन घोंगडी पसरली आणि कळप निघाला. निम्म्या बायका आत आल्या असतील, तेवढ्यात वळणावरून मोटारीचा आवाज आला. श्रीपतराव स्वतः मागं बसलेले, हातात परवान्याचा कागद, डोकं खिडकीबाहेर. ड्रायव्हर भोंगा सोडत नव्हता.

बाणूबाई गर्रकन वळली आणि घोंगडी मोटारीपुढं धरली. मोटार तिच्यापासून चार हातांवर थांबली. 

"बाजूला हो!" श्रीपतराव ओरडले. "परवाना माझ्याकडं आहे! मी थांबलो तर मालगाडी जाईल, आणि मालगाडी गेली तर तू जाशील! कळतंय का तुला काय करायलीस?"

"कळतंय साहेब."

"मग सोड!"

"बाया मधी हायत."

तिला हात खाली करायला एक क्षण पुरला असता. तिची नोकरी, तिचा करार, सगळं त्या मोटारीत बसलेलं होतं. तिनं हात खाली केले नाहीत. तिचे दंड थरथरताना मला दिसत होते. मला रडू आलं आणि राग आला, आणि मी जागचा हललो नाही.

श्रीपतराव दार उघडून खाली उतरले. तरातरा चालत, घोंगडीला वळसा घालून ते पुढं आले, आणि तिथंच थबकले. मोटारीत बसून त्यांना फक्त कापसाच्या गाड्या दिसत होत्या. आता त्या गाड्यांच्या आडून बायका निघताना दिसल्या. एक, दोन, पाच, दहा. ज्या जागेवरून त्यांची मोटार पुढं गेली असती, बरोबर त्या जागेवरून. कुणाच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं, कुणी गरोदर, कुणी म्हातारी. आणि सगळ्यात शेवटी, चन्नव्वाचा हात धरून, काठी टेकत अनसाबाई.

मॅनेजरला रस्त्यात उभं बघून ती घाबरली. घाईनं पाऊल टाकायला गेली आणि तिचा तोल गेला. चन्नव्वानं सावरलं. श्रीपतरावांनी तिच्या पायाकडं बघितलं. त्या पायाबद्दल त्यांनी माझ्याकडून फक्त ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा राग ओसरला. हातातला कागद तसाच धरून ते म्हणाले, "सावकाश ये, बाई. घाई नाही."

ती सावकाश आली. फाटकाच्या आत तिनं दुसरा पाय ठेवला तेव्हाच बाणूबाईचे हात खाली आले.

मग मात्र एकच धांदल उडाली. श्रीपतराव मोटारीत न बसता पळतच आत आले आणि त्यांनी परवाना ईरण्णाच्या हातात कोंबला. रस्त्यावर एक बाई नव्हती, समोर एक अडथळा नव्हता. लॉरी अशी सुटली की गाठींवरची ताडपत्री फडफडत राहिली. आम्ही सगळे फाटकात उभे. आत जीन यंत्रांवर जायला कुणी तयार नव्हतं आणि जा म्हणायची हिंमत मलाही नव्हती. बाणूबाई भिंतीला टेकून दंड चोळत होती. स्टेशनाकडून इंजिनाची शिटी ऐकू आली. गाडी सुटली होती. आता लॉरी भरलेली येते की रिकामी, एवढंच बघायचं होतं.

वळणावर लॉरी दिसली. रिकामी! ईरण्णा एका हातानं चाक धरून दुसरा हात बाहेर काढून ओरडत होता, "चढला! समदा माल चढला!"

बायकांनी जो कालवा केला तो बाजारपेठेपर्यंत गेला असेल. चन्नव्वानं बाणूबाईला उचललंच. गाडीवानांनी मुंडासी उडवली. त्यातला एक तर आठ दिवस माझ्याशी भांडणारा होता. मीही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण टोपी कुठं तरी पडली ती सापडली नाही.

श्रीपतराव बाणूबाईजवळ येऊन म्हणाले, "करार तू जिंकलीस. बिल्ला तुझाच. पण रोज एका माणसानं लॉरीपुढं उभं राहायचं, हेही काही खरं नाही. बायकांना वेगळं दार पाहिजे. उद्या गवंडी बोलावतो. कुठं फोडू भिंत?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडं दोन-तीन कल्पना तयार होत्या. सुदैवानं त्यांनी मला विचारलं नव्हतं.

बाणूबाई भिंतीच्या कडेनं चालत गेली. लॉरीच्या वाटेपासून पन्नास पावलं दूर, लिंबाच्या अगदी समोर ती थांबली. तिथून वस्ती सरळ दिसत होती आणि दोन्हीकडचा रस्ताही. तिनं अनसाबाईला हाक मारली. "इथं येऊन बघ गं. तुला दिसतंय का समदं?"

अनसाबाईनं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं.

"दिसतंय," ती म्हणाली.

"मग इथंच फोडा, साहेब," बाणूबाई म्हणाली.